पाचच्या आत हजर व्हावे

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बापाविषयी कुणी असं लिहितं का म्हणून वाचणाऱ्याच्या कपाळाला आठ्या नकोत. शाळेत पोरी मला घाबरत, घरात भाऊ घाबरत असे. एका माणसावर मात्र माझा राग टिकायचा नाही. त्या माणसावर मी एक अख्खा दिवस, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत, दात-ओठ खाऊन रागावले होते. त्या दिवसाचं हे सांगते आहे.

आमचं गाव बेळगावच्या उत्तरेला, कडोलीच्या वाटेवर. घरची शेती, भात, बटाटा आणि थोडा ऊस. पंधराव्या वर्षी माझं लग्न झालं आणि सतराव्या वर्षी नवरा तापानं गेला. मी माहेरी परत आले. आमच्यात बाईला दुसरं घर करून देतात, त्याला मोहतूर म्हणतात. त्यात वाजंत्री नसते, दिवसाउजेडी मिरवणं नसतं, पण संसार उभा राहतो आणि लोक नावं ठेवत नाहीत. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वर्षभर वाट पाहिली आणि मग मला विचारलं. मी म्हणाले, मला शिकायचं आहे. त्यांनी "बरं" म्हटलं आणि मला बेळगावात खासबागेत आत्याकडं ठेवलं. त्या काळात आमच्या गावात असा बाप दुसरा नव्हता, हेही इथंच लिहून ठेवते, नाहीतर पुढं विसरेन.

खासबागेत आत्याच्या घराच्या दोन्ही बाजूंना माग चालायचे. त्या खटखटीत मी व्हर्नाक्युलर फायनलचा, म्हणजे मराठी सातवीचा, अभ्यास केला आणि पास झाले. मग अर्ज, मग वाट पाहणं. माघ महिन्यात एक लांबट लिफाफा आला. वेंगुर्ल्याच्या पुढं समुद्रात घुसलेलं डोंगराचं एक टोक आहे, त्याच्यावरच्या गावात मुलींची शाळा नवी निघाली होती. तिथं माझी नेमणूक. मुलांच्या शाळेच्या हेडमास्तरांकडे अमुक दिवशी सायंकाळी पाचच्या आत हजर व्हावे, न झाल्यास नेमणूक रद्द समजून यादीतील पुढील उमेदवारास बोलावण्यात येईल. मी ते पत्र इतक्या वेळा वाचलं की आत्या म्हणाली, "अगं, शाई उडंल की त्याची!"

आप्पांनी पत्राकडं पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं, तर ते एवढंच म्हणाले, "समुद्रावर? एकलीनं?" आणि गोठ्यात गेले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. चिकोडीकडच्या एका तंबाखूवाल्या शेतकऱ्याकडून माणसं दोनदा येऊन गेली होती. माणूस चांगला होता म्हणे, पहिली बायको वारलेली, एक लहान मुलगी. आप्पा माझ्याशी त्यावर काही बोलले नव्हते, पण आईनं सांगितलं होतं की यंदाची तंबाखू विकली गेली की ती माणसं पक्कं करायला येणार. म्हणजे माझ्यापुढं दोन रस्ते होते. त्या दिवशी पाचच्या आत सही केली तर शाळा, नाही केली तर चिकोडी.

जायचं कसं, तो प्रश्न सहज सुटला. माझा थोरला भाऊ अण्णा बेळगावच्या कँपात एका मालकाची मोटार चालवायचा. मोठी टुरर गाडी, वर कापडी हूड, बाजूला रबरी भोंगा. वेंगुर्ल्याला आगबोटीनं मुंबईहून येणारी पाहुणेमंडळी आणायला मालक ती गाडी रिकामी पाठवणार होता. पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी उतरणार होते. अण्णानं विचारलं, मालक म्हणाला, घेऊन जा बहिणीला. मी म्हटलं एक दिवस आधी जाऊ, हातात वेळ राहील. आप्पा म्हणाले, "नवमी हाय. नवमीला निघायचं न्हाय." झालं. नवमी टळली, आणि दशमी म्हणजे नेमका शेवटचा दिवस उरला. शिवाय "मी पोचवायला येणार" म्हणून त्यांनी पटका बांधला. पोरीला एकटी कशी सोडायची, हे मलाही पटलं.

पहाटे पाचला अण्णानं हँडल मारलं. मागच्या सीटवर मी, माझी पत्र्याची पेटी आणि आईनं दिलेल्या भाकऱ्या. पुढं अण्णाशेजारी आप्पा. मोटारीत ते पहिल्यांदाच बसत होते, आणि बैलगाडीत बसल्यासारखे एक पाय बाहेर पायरीवर टाकून बसले. अण्णानं दोनदा सांगितलं, "आप्पा, पाय आत घ्या." तिसऱ्यांदा घेतला.

हिंडलगा मागं पडलं, उजाडलं, आणि पहिल्यांदा गाडी थांबली ती चंदगडच्या हद्दीत. आप्पांना कुणाच्या तरी शेतातला ऊस पाहायचा होता. ऊस! घरी चार पांडाच्या तुकड्यावर ऊस आहे, तो सोडून इथला ऊस. उतरले, बांधावर गेले, शेतकऱ्याशी बियाण्याविषयी बोलले, पाणी प्याले. पाव तास गेला. मग एका ओढ्यावर थांबलो, कारण तोंड धुवायचं राहिलं होतं. मग एका देवळापाशी, कारण देव वाटेवरचा आहे, असं कसं पुढं जायचं. मोटारीचा नवेपणा आहे, म्हातारा माणूस आहे, चालायचंच, असं मनाशी म्हणत होते.

आंबोलीला घाटाच्या तोंडाशी अण्णानंच गाडी थांबवली, ब्रेक बघायला. आप्पा कड्यावर जाऊन उभे राहिले. खाली कोकण पसरलेलं होतं, दऱ्यांत धुकं, आणि लांब, आकाशाच्या बुडाशी, एक चकाकती रेघ.

"ते काय रं?" आप्पांनी विचारलं.

"समुद्र," अण्णा म्हणाला.

"एवढाच?"

"हितनं एवढाच. जवळ गेल्यावर बघा."

आप्पा हलायला तयार नाहीत. अण्णाचे ब्रेक बघून झाले, त्यानं चाकामागचा दगड काढला, भोंगा वाजवला, तरी ते तिथंच. मी जाऊन दंडाला धरलं. "आप्पा, पाच वाजता पोचायचं हाय."

"लई येळ हाय अजून," ते म्हणाले.

घाट उतरताना मात्र कुणी थांबा म्हणालं नाही, कारण आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. अण्णा प्रत्येक वळणावर भोंगा वाजवत होता आणि रस्ता आपल्याच शेपटीला धरून फिरावा तसा फिरत होता. मला उलटीसारखं झालं, पण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गाडी थांबली असती.

सावंतवाडीला तळ्याकाठी पुन्हा अर्धा तास. चहा, विड्या, आणि एका दुकानदाराशी भाताच्या भावावर गप्पा. त्यांना त्याचं बोलणं अर्धं कळत नव्हतं आणि त्याला यांचं. तरी दोघं बोलत होते. मी गाडीतून ओरडले, "आप्पा!" रस्त्यावरची चार माणसं वळून पाहू लागली. आप्पा हसत आले, म्हणाले, "बाय, वरडतीस किती. मास्तरीण व्हायच्या आधीच?" अण्णाही हसला. मी दोघांवर चिडले.

वेंगुर्ल्यात पोचेपर्यंत एक वाजला होता. भाकऱ्या होत्या, पण आप्पांना खाणावळीत जेवायचं होतं. जेवले आणि नावं ठेवली. "ह्यातबी नारळ, त्यातबी नारळ. मिरची कुठं लपवून ठेवत्यात ही माणसं?" मग झोप आली म्हणाले. मी उभीच राहिले, बसलेच नाही. अण्णानं माझ्याकडं पाहिलं आणि उठून गाडीला हँडल मारलं. तो पहिल्यापासून माझ्या बाजूनं होता, पण बापाला बोलायची त्याची छाती नव्हती.

वेंगुर्ल्याच्या पुढचा रस्ता म्हणजे बैलगाडीची वाट. लाल जांभ्या दगडात चाकांनी पडलेले दोन खोल चर, आणि त्यांतून आमची टुरर डुलत चाललेली. हे टोक समुद्रात किती घुसलंय ते आत शिरल्यावर कळलं. एका वळणावर समुद्र डावीकडं, पुढच्या वळणावर उजवीकडं. खाली काळे खडक, त्यांच्यावर पाणी फुटून पांढरं होत होतं आणि परत हिरवं. मध्येच काजूची झाडं, मध्येच काहीच नाही, नुसता उघडा कातळ आणि वारा. वाऱ्यानं हूड फडफडत होता. मी रागात होते तरी पाहत होते. खोटं कशाला बोलू, मला ते सगळं आवडलं. इथं राहायचं, इथल्या पोरींना शिकवायचं, पगाराचे पैसे आपल्या हातात घ्यायचे, हे पहिल्यांदा खरं वाटलं.

आप्पांनी त्या वाटेवर चार वेळा गाडी थांबवली. चार. एकदा जाळी सुकत घातली होती ती पाहायला. एकदा लांबवरची शिडाची होडी दाखवायला. एकदा म्हणाले, खाली उतरून पाणी खारट आहे का ते बघतो. खरंच उतरले, ओंजळभर पिऊन थुंकले, "व्हय गं, खारटच हाय" म्हणत वर आले. चौथ्यांदा काय म्हणून थांबलो ते आता आठवत नाही. अण्णाच्या मनगटावर मालकानं दिलेलं घड्याळ होतं, ते मी मागून वाकून पाहत होते. सव्वातीनला आम्ही खाडीवर आलो.

खाडी म्हणजे फार मोठी नव्हती. आमच्या मार्कंडेय नदीपेक्षा थोडी रुंद. त्या टोकाची मान तिथं बारीक होऊन तुटली होती आणि मधून समुद्राचं पाणी आत डोंगराकडं शिरत होतं. पलीकडं माडांत गाव दिसत होतं. शाळेचं कौलारू छप्पर एका बाईनं बोट करून दाखवलं. ती बाई अलीकडच्या काठावर झोपडीवजा दुकानात शहाळी विकत होती. ओहोटीला तिथून गाड्या पलीकडं जायच्या, आणि भरतीला तरीतून माणसं. तरवाला त्या दिवशी कुणाच्या लग्नाला गेला होता, होडी काठावर पालथी. पण आम्हाला होडी कशाला हवी? समोरून एक बैलगाडी पाण्यातून येत होती, आणि बैलांचे नुसते खूर भिजत होते.

अण्णा गाडी पाण्यात घालायला निघाला, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "थांब रं. तहान लागलीया. शहाळं पिऊ."

दुकानवाली बाई त्यांच्या हातात शहाळं देत म्हणाली, "आत्ताच जावा हो. पाणी भरूक लागला. मगे वाट गावची नाय."

पाणी वाढतंय, मग वाट सापडायची नाही, असं ती म्हणाली. मला समजलं. आप्पांनाही समजलं, कारण त्यांनी मान वर करून आभाळाकडं पाहिलं. मग डोंगराकडं पाहिलं. कुठं ढगाचा ठिपका नाही. माघाचं ऊन. ते हसले. "बाई, पाऊस न्हाय पाणी न्हाय, पाणी वाढंल कशानं? आमी नदीकाठची मानसं हाय."

आता बोला! आणि लाजेची गोष्ट म्हणजे मलाही तेच वाटलं. भूगोलात भरती-ओहोटी पाठ केली होती, चंद्रसूर्याची आकृती काढून मार्क मिळवले होते. पण खाडीकाठी उभी राहिल्यावर मी मार्कंडेयकाठची पोरगी झाले. कोरड्या दिवशी पाणी वाढत नाही, हे आमच्या अंगातच मुरलेलं. घाईसाठी मी बोलत राहिले, पण पाण्याची भीती मला वाटली नाही. अण्णा म्हणाला, जाऊ की आप्पा. आप्पांनी दुसरं शहाळं मागितलं. मग त्यातलं खोबरं. मग विडी.

विडी संपवून उठलो तेव्हा चाकोरी दिसेनाशी झाली होती. अण्णा पाण्यात उतरला तो गुडघ्यापर्यंत गेला. गाडी घालणं शक्य नव्हतं.

"थांबा," आप्पा म्हणाले, "उतरंल." आणि आमच्याकडं ओढ्याला पूर आला की करतात तेच त्यांनी केलं. एक काठी घेतली आणि पाण्याच्या कडेला रोवली. काठी कोरडी पडली की निघायचं. आमचा ओढा घटकाभरात उतरतो, लहानपणापासून पाहिलंय. आम्ही तिघं काठीकडं बघत बसलो. पाणी काठीच्या पलीकडं गेलं. आप्पांनी काठी उपटून मागं रोवली. पाणी परत पुढं आलं. त्यांनी गवताची काडी टाकली, तर ती डोंगराकडं वाहत निघाली.

"अरं, उलटं चाललंय की!" ते म्हणाले. आवाज बदलला होता. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षं पाणी वरून खाली येताना पाहिलेला माणूस. दुकानवाली बाई दारातून आमची मजा बघत होती. तिनं सांगितलं, दिवेलागणीपर्यंत असंच भरत राहणार.

घड्याळात साडेचार झाले होते.

मग माझा बांध फुटला. मी काय काय बोलले ते सगळं लिहिता येणार नाही. ऊस बघायला थांबलात, देऊळ बघायला थांबलात, दात नसताना खोबरं खात बसलात, तुमच्या पायी माझी शाळा गेली. वर्षानुवर्षं दिव्याखाली डोळे फोडले ते कशाला? अण्णा "गप, गप" म्हणत होता. आप्पा काठी हातात धरून उभे होते. माझं बोलणं संपल्यावर ते म्हणाले, "मुद्दाम केलं."

मला कळेना.

"सकाळपासनं मुद्दामच केलं. नवमीबी मुद्दाम काढली. वाटलं, पाच वाजून जातील, मग तू आपुनहून परत चलशील. तुला नको म्हनायचं धाडस न्हवतं मला. हितं तुला ताप आला तर पानी कोन दील? आमचं कोन हाय हितं?" त्यांनी पाण्याकडं पाहिलं. "पन ह्ये पानी मी न्हाय आनलं, बाय. तेवढं माझ्यावर घालू नको."

लुगडं शहापूरच्या मागावरचं नवं कोरं होतं, ते वर ओढून काचा मारला. पेटी उघडून पत्र काढलं, पोलक्यात खोचलं आणि पाण्यात चालायला लागले. मला पोहता येत नव्हतं. विहिरीवर पोरं पोहायची, पोरी धुणं धुवायच्या. पाणी गुडघ्याला आलं, मग मांडीला. खालची वाळू पायाखालून सरकत होती. पाणी डावीकडून ढकलत होतं. तरी मागं बघितलं नाही. मागं चिकोडी होती.

मागून अण्णा ओरडला आणि पाण्यात धडपडीचा आवाज झाला. अण्णा येतोय असं मला वाटलं. पण आप्पा होते. "तू गाडी संबाळ!" असं त्याला दटावत ते आले, खांद्यावर माझी पेटी, काखेत काठी. माझ्या पुढं जाऊन उभे राहिले. एका हातानं पेटी धरून दुसऱ्यानं त्यांनी डोक्याचा पटका सोडला. आमच्याकडं बाप्या माणूस चार माणसांत उघड्या डोक्यानं उभा राहत नाही. पटक्याचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं, "कमरंला बांध, घट्ट," आणि दुसरं मी त्यांच्या कमरेला बांधलं, कारण त्यांचा हात पेटीला होता. मग ते काठीनं तळ चाचपत पुढं निघाले आणि मी मागं. पूर आलेला ओढा आमची माणसं अशीच ओलांडतात.

मध्यावर पाणी माझ्या छातीपर्यंत आलं. एकदा माझा पाय सुटला. पटक्याला हिसका बसला, आप्पा वाकले, पेटीचा एक कोपरा पाण्यात बुडाला, पण ते पडले नाहीत. "उभी ऱ्हा. उभी ऱ्हा गं माझी बाय. घाई करू नगं," म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचं घाई करू नको म्हणणं बरोबर होतं. मी उभी राहिले, श्वास घेतला. मग परत निघालो. पलीकडच्या काठाला लागल्यावर आम्ही गाठी सोडल्या. पटका भिजून दोरखंड झाला होता, तो त्यांनी खांद्यावर टाकला आणि पेटी डोक्यावर घेतली.

शाळा जवळच होती, पण ओल्या लुगड्यानं पळता येत नव्हतं. हेडमास्तर ओसरीवर टेबल लावून बसले होते, कोट घातलेले, पांढऱ्या मिशांचे. समोर बंद केलेलं जाड रजिस्टर. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. माझ्या लुगड्याचा निळा रंग पाण्यात सुटून पायांवरून ओघळत होता आणि सारवलेल्या जमिनीवर डाग पडत होते. मी पोलक्यातून पत्र काढलं. ओलं, पण फाटलं नव्हतं.

हेडमास्तरांनी ते वाचलं, घड्याळाकडं पाहिलं, परत पत्राकडं पाहिलं. "बाई, पाचच्या आत असं लिहिलंय," ते हळूच म्हणाले. "मी काय करू सांगा. उद्या मला वर कळवायचं आहे."

दिवसभर तोंड चालवणारी मी, ओल्या पदराचं पाणी पिळत उभी राहिले.

आप्पांनी पेटी खाली ठेवली. उघडं डोकं, गुडघ्यावर चिकटलेलं धोतर. आमच्या गावात पाटलासमोरही ते मान ताठ ठेवून बोलत. हेडमास्तरांपुढं त्यांनी हात जोडले.

"साहेब, बाईंनी उशीर न्हाय केला," ते म्हणाले. जन्मात कधी त्यांनी मला असं, मोठेपणानं, बाई म्हटलं नव्हतं. "मी तेंचा बाप. सकाळपासनं धा ठिकानी गाडी थांबवली ती मी. तेंना परत न्यायचं हुतं मला. दुसरं घर करून द्यायचं हुतं. बाईंनी पान्यात उडी घेतली तवा मी मागनं आलो. शिक्षा काय ती मला लावा. तेंचं नाव लिवा."

हेडमास्तरांनी ओलं पत्र टेबलावर सरळ केलं. मग त्यांनी विचारलं, "आणि आता? अजून परत न्यायचंय?"

"न्हाय."

"का?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "छातीएवढ्या पान्यातबी मागं फिरली न्हाय ती. माझ्या सांगन्यानं आता काय फिरनार? आनि मी तरी कशाला सांगू?"

हेडमास्तरांनी रजिस्टर उघडलं. टाक दौतीत बुडवला आणि मला विचारलं, "किती वाजता हजर झालात म्हणून लिहू?"

पाच म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी तसंच लिहिलं असतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी म्हणाले, "पाच वाजून बारा मिनिटं." मला तिथं पोरींना खरं बोलायला शिकवायचं होतं. पहिल्याच ओळीत खोटं नको वाटलं. त्यांनी तेवढंच लिहिलं आणि पुढं शेऱ्याच्या रकान्यात आणखी एक ओळ लिहिली. रजिस्टर माझ्याकडं वळवलं. मी सही केली. सही वाकडी आली.

त्या शेऱ्यासकट कागद वर गेला आणि मंजूर होऊन आला. तिथल्या मुलींच्या शाळेत मी स्वराज्य येईपर्यंत होते. ताप आला तेव्हा पाणी द्यायला शेजारच्या तीन बायका होत्या. चिकोडीच्या माणसांना आप्पांनी स्वतः जाऊन नाही सांगितलं, आणि त्या गृहस्थांचं पुढं चांगलं झालं, हेही मला कळलं. हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी सही झाल्यावर आप्पांनी बोट रजिस्टरच्या त्या ओळीवर नेलं, कागदाला न लावता. "साहेबांनी शेवटाला काय लिवलं गं?"

मी वाचून दाखवलं. "खाडीस पाणी आल्यामुळे विलंब."

"माझं नाव?"

"न्हाय घातलं."

"नुसतं पानीच लिवलं?"

"व्हय, आप्पा. नुसतं पाणी."

ते शाळेच्या पायरीवर जाऊन बसले आणि ओल्या पटक्यात तोंड घालून रडले. माझा नवरा गेला तेव्हाही त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. मी शेजारी जाऊन बसले. राग शोधून पाहिला, तर सापडला नाही.